बाइंडरकडचे शनिवार

बाइंडर हा माणूस जसा होता तसा फक्त जेवणाच्या टेबलाशी दिसायचा. एरवी छापखान्यात तो मान खाली घालून पुस्तकं शिवत असायचा आणि कुणी हाक मारली तरी तीनदा मारल्याशिवाय वर बघायचा नाही. शनिवारी दुपारी मात्र त्याच्या घरी गेलं की दार उघडायच्या आधीच आतून आवाज यायचा, "पंतोजी, दोन मिनिटं उशीर!" पंतोजी म्हणजे मी. छापखान्यात मी मुद्रितशोधक होतो. माझ्या नजरेतून सुटलेली चूक खाली बाइंडरच्या हातात गेली की संपलं. तो ती शिवून, चिकटवून, पुठ्ठ्यात घालून जन्माची पक्की करायचा.

पंचवीस वर्षं दर शनिवारी एक वाजता आम्ही चौघं त्याच्याकडे जेवलो. बाइंडर, त्याची बायको, मी आणि माझी बायको. आम्हाला मूलबाळ नाही. त्यांना एकच मुलगी, ती लग्न होऊन दूरच्या शहरात गेलेली. तेव्हा ज्याला लोक घरचं माणूस म्हणतात ते आमच्यासाठी हे दोघं होते, आणि त्यांच्यासाठी आम्ही. टेबल लहान होतं. चौघं बसलो की कोपराला कोपर लागायचं, आणि मीठ मागायचं तर तोंड उघडायच्या आधी ते हातात यायचं.

त्या टेबलाचा एक नियम होता, आणि तो माझ्यामुळे झाला होता हे कबूल करतो. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणाऱ्या माणसाला ताटातही चुका दिसतात. भात जरा मऊ, सूप जरा पातळ, पाव एका बाजूने करपलेला. सुरुवातीच्या एका शनिवारी मी असंच काहीतरी बोललो. बाइंडरच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, हातातली पळी खाली ठेवली आणि शांतपणे सांगितलं, "या टेबलावर जेवणाला नाव ठेवायचं नाही. ज्याला ठेवायचं असेल त्याने रस्त्यात जाऊन ठेवावं." सगळे हसले, मीही हसलो, आणि तेव्हापासून खरोखरच कुणी नाव ठेवलं नाही. आमच्यात चांगलं आणि फार चांगलं एवढे दोनच शेरे उरले.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. माझी बायको एका मूत्रपिंडावर जगत होती. दुसरं तरुणपणीच काढून टाकावं लागलं होतं. उरलेलंही फार दणकट नाही, हे डॉक्टर दर तपासणीला सांगायचे. त्यांचं एक वाक्य मला पाठ होतं: "यांना जुलाब-उलट्यांचा मोठा झटका परवडणार नाही, जपा." मी जपत होतो. पाणी उकळून, फळं दोनदा धुऊन, बाहेरचं काही नाही. बाहेर जेवायचं ते फक्त बाइंडरकडे, कारण ते आमच्या मते बाहेर नव्हतंच.

वहिनी गेल्या त्या वर्षी मला वाटलं, शनिवार संपले. तेरा दिवसही झाले नसतील, बाइंडर छापखान्यात वर माझ्या टेबलाशी आला. तो वर कधी येत नसे. म्हणाला, "शनिवारी या. मी रांधतो." या माणसाने तोवर पुठ्ठे चिकटवायच्या खळीशिवाय काही शिजवलं नव्हतं. पण तो शिकला. पुस्तक शिवावं तसा नेमाने, एकेक टाका मोजून शिकला. दोन वर्षांत तो वहिनींच्या तोडीचं करायला लागला. माझी बायको एकदा त्याला म्हणाली, "भाऊजी, आता आम्ही तुमच्यासाठी यायचं की जेवणासाठी, कळत नाही." तो लाजून पाणी आणायला उठला. चौथी खुर्ची त्याने भिंतीला लावून ठेवली होती, पण घरातून काढली नव्हती.

मग एका शनिवारी मी थोडा लवकर पोचलो. बायको मागून येणार होती. बाइंडर स्वयंपाकघरात स्टुलावर बसून एका जुन्या शब्दकोशाची पाठ दुरुस्त करत होता, आणि त्याच्यापासून दोन हातांवर शेगडीवरचं दूध जळून कोळसा झालं होतं. धूर फार नव्हता, पण वास असा की जिन्यातच माझ्या घशात गेला. आणि हा गुणगुणत होता! मी धावत जाऊन गॅस बंद केला. तो पातेल्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा एखाद्या मुलाची चोरी पकडली जावी तसा झाला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या थंडीत तो ताप आला होता बघ. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला."

"काहीच येत नाही?"

"काही म्हणजे काही नाही. खारट, आंबट कळतं. तिखट तेवढं मस्त कळतं." तो हसायचा प्रयत्न करत होता. "डॉक्टर म्हणतो, वाट बघा. बघतोय."

"मुलीला सांगितलंस?"

"वेडा आहेस का? तिला कळलं तर मिळेल त्या गाडीने येईल, घराला कुलूप लावेल आणि मला उचलून नेईल. आई गेल्यापासून टपलीच आहे ती. तिचंही चूक नाही म्हणा. पण तिथे मी काय करू? तिच्याकडे सगळे आपापल्या वेळेला जेवतात, पंतोजी. एक उभ्याने, एक फोन बघत, एक जेवतच नाही." त्याने माझी बाही धरली. "तुझ्या घरी, वहिनींनाही सांगू नकोस. त्या काळजीपोटी तिला फोन करतील. माझे शनिवार घालवू नकोस रे."

मी हो म्हणालो. मैत्री म्हणून म्हणालो, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण खरं सांगायचं तर मलाही शनिवार हवे होते. ते गेले असते तर आमच्या घरात आठवड्याचे सातही दिवस एकसारखे झाले असते. दोन म्हाताऱ्यांची अळीमिळी गुपचिळी झाली, आणि त्यातला एक आपल्या बायकोच्या जिवावर खेळतोय हे त्या क्षणी माझ्या डोक्यातही आलं नाही. डोक्यात आलं घरी परतताना, रस्ता ओलांडताना तिने माझा हात धरला तेव्हा.

म्हणून मी एक तोडगा काढला. मला तो फार हुशारीचा वाटला. दर शनिवारी बारा वाजता मी एकटा पुढे जाणार, बायकोला सांगायचं की बुद्धिबळाचा डाव टाकतो. ती एक वाजता येणार. मधल्या तासात बाइंडर सगळं माझ्यापुढे मांडणार आणि मी एकेक वस्तू नाकाशी नेऊन तपासणार. दूध, लोणी, तेल, मांस, कालचं उरलेलं. जे नको ते मी बाजूला सारायचो आणि हवेत बोटाने शब्द गाळायची खूण काढायचो, मुद्रितावर काढतो तशी. तो ती वस्तू निमूट फेकून द्यायचा. शेवटी छापखान्यातल्यासारखं विचारायचा, "छापायला हरकत नाही?" मी म्हणायचो, "हरकत नाही." आम्हा दोघांना त्या तासाची मजा यायला लागली, हे लपवण्यात अर्थ नाही.

सात महिने हे चाललं. त्या सात महिन्यांत मी नासलेलं दूध तीनदा, साबणासारख्या वासाचं लोणी एकदा आणि आंबलेला भात कितीतरी वेळा बाजूला काढला. एकदा मांस असं निघालं की पिशवी उघडताच मी खिडकीशी पळालो. बाइंडर मात्र पिशवीत डोकं घालून बघत होता. "दिसायला तर झकास आहे रे," तो म्हणाला. मला तेव्हा पहिल्यांदा त्याची भीती वाटली. म्हणजे त्याची नाही, त्याच्या त्या निरागस तोंडाची.

आणि एका शनिवारी जिन्याच्या शेवटच्या वळणावर मी थांबलो, कारण गॅसचा वास येत होता. दार ढकललं. शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं, खिडक्या बंद, आणि बाइंडर टेबलाशी बसून मटार सोलत होता. काड्यापेटी त्याच्या कोपरापाशी होती. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि काड्यापेटी खिशात टाकली.

"काय रे, एवढा घामाघूम?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याने मटारांचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "आता सिलिंडरवरूनच बंद करत जाईन. दर वेळी. शपथ." आणि त्याने ते पाळलंही. पण त्याच दिवशी मी त्याच्या मुलीला फोन करायला हवा होता. माझ्याकडे नंबर होता. तो मी फोनमध्ये काढून पाहिला, आणि मग एक वाजला, बायको आली, आणि आम्ही जेवायला बसलो. जेवण फार चांगलं झालं होतं.

बायकोला काहीतरी जाणवत होतंच. परत येताना एकदा म्हणाली, "भाऊजी हल्ली तिखट किती घालतात! जिभेला दुसरं काही कळतच नाही. तुम्ही सांगा ना."

"नियम आहे," मी म्हणालो.

"नियम टेबलावरचा. आता आपण रस्त्यात आहोत. वहिनींनी रस्त्यात बोलायला परवानगी दिली होती."

मी हसून विषय बदलला.  तिने मधेच वळून माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, आता विचारेल. तिने विचारलं नाही.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मला सर्दी झाली. साधी सर्दी. शुक्रवारी शिंका, शनिवारी सकाळी डोक्यात कापूस कोंबल्यासारखं. बायको म्हणाली, "आज राहू द्या, नका जाऊ." मी म्हणालो, "सर्दीने कुणी मेलंय का!" आणि बारा वाजता बाइंडरकडे हजर झालो.

तो खुशीत होता. गुरुवारीच त्याला मनासारखा मोठा मासा मिळाला होता, आणि शनिवारी बाजारात गर्दी असते म्हणून त्याने तो तेव्हाच आणून फ्रिजमध्ये ठेवला होता. रस्सा करून झाकून ठेवला होता. फ्रिजखाली जमिनीवर एक ओलं फडकं पसरलं होतं. मी ते पाहिलं. आदल्या दिवशी त्याच्या गल्लीतली वीज सकाळपासून संध्याकाळपर्यंत गेलेली होती, तो छापखान्यात होता, आणि घरी आला तेव्हा फ्रिज नेहमीसारखा घुमत होता आणि खाली थोडं पाणी होतं, हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त फडकं दिसलं. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. त्याला लपवायचं काहीच नव्हतं.

त्याने पातेल्यावरचं झाकण काढलं आणि बाजूला सरून उभा राहिला. मी वाकलो. वाफ चेहऱ्याला लागली. बाकी काही नाही. गरम पाण्यावर वाकलो असतो तरी तेवढंच कळलं असतं.

मला त्या वेळी सांगता आलं असतं, "बाबा रे, आज माझंही नाक गेलंय, आज पाव-अंडी खाऊ." एवढं वाक्य. पण तो इतक्या उमेदीने बघत होता. आणि दुसरं असं की सात महिने मी त्या घरचा तपासनीस होतो, त्याचा मला एक तोरा चढला होता. आज तपासनीसच बाद आहे, असं म्हणायला जीभ वळेना. मी दोनदा जोरात श्वास ओढल्याचं सोंग केलं.

"छापायला हरकत नाही?"

"हरकत नाही," मी म्हणालो.

चाळीस वर्षांच्या नोकरीत मी न वाचता एकाही पानावर सही केली नाही. ही एकच.

एक वाजता बायको आली. बाइंडरने वाढलं. तिने पहिला घास तोंडाशी नेला आणि हात मधेच थांबला. नाकपुड्या हलल्या. तिने माझ्याकडे पाहिलं. आता तिच्या बाजूने बघा. समोर बसलेला नवरा म्हणजे शिजलेल्या भातातला खडा दुसऱ्याच्या ताटात असला तरी ज्याला दिसतो असा माणूस. नियम असला तरी याच्या कपाळावर आठी उमटल्याशिवाय राहत नाही, हे तिला तीस वर्षं ठाऊक. आणि हा तर मान खाली घालून भुरके मारतोय, वर दुसऱ्यांदा वाढून घेतोय. तिला वाटलं असणार, आपल्यालाच काहीतरी होतंय. तिने घास खाल्ला.

"वहिनी, मासा कसा झालाय?" बाइंडरने विचारलं.

"फार चांगला," ती म्हणाली.

"मग अजून थोडा?"

"थोडासाच."

संध्याकाळ व्हायच्या आत आम्हा दोघांनाही सुरू झालं. मी तासाभरात निभावलो, रित्या पोटाने का होईना उभा राहू शकत होतो. तिचं थांबेना. रिक्षात बसवलं तेव्हा तिचे हात गार होते आणि ती मला सांगत होती की घरातली खिडकी उघडी राहिली. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी सांगितलं, मासा. ते म्हणाले, बिघडलेल्या माशातलं विष शिजवलं तरी जात नाही. मग त्यांनी विचारलं, वास नाही आला कुणाला? मी म्हणालो, मला सर्दी आहे. हे खरंच होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की उरलेलं मूत्रपिंड बसलं आहे आणि ते परत उठेल असं दिसत नाही. आठवड्यातून तीनदा यंत्रावर. जन्मभर.

बाइंडर त्याच इस्पितळात, पुरुषांच्या वॉर्डात होता. त्याने सगळ्यांत जास्त खाल्लं होतं, पण दोन बाटल्या सलाइनवर तो सावरला. बातमी कळल्यावर त्याची मुलगी आली. मी भेटायला गेलो तेव्हा ती पलंगाशी उभी होती, रडून डोळे सुजलेले. तिला वासाचं कळलं होतं, डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारल्यावर त्याने स्वतःच सांगितलं होतं. ती माझ्याकडे वळली.

"काका, तुम्ही दर आठवड्याला यायचात. इतके जवळचे. तुम्हाला कधी काही जाणवलं नाही?"

 मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात पलंगावरून बाइंडर म्हणाला, "त्याला काय माहीत! मी कुणाला कळू दिलं नाही. त्याला कळलं असतं तर त्याने वहिनींना माझ्या दारात पाऊल टाकू दिलं असतं का?"

आणि त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. टेबलावर शेवटचा तुकडा उरला की तो माझ्याकडे सरकवायचा, तेव्हा बघायचा तसंच. ते खोटंही त्याने तसंच माझ्यापुढे सरकवलं आणि मी घेतलं. मान हलवली. मुलीने माझा हात हातात घेऊन म्हटलं, "सॉरी काका. तुम्हाला विचारायलाच नको होतं."

ती त्याला घेऊन गेली. घराला कुलूप लागलं. तो तिथे चौदा महिने जगला. मधून फोन करायचा, शनिवारीच, दुपारी. "वहिनी कशा आहेत?" एवढंच विचारायचा. मी सांगायचो.  एकदा मी म्हणालो, "मी सांगून टाकतो तिला." तो म्हणाला, "आता सांगून काय होणार? त्यांना जेवायला वाढायला एक माणूस तरी राहू दे." तो गेल्याचा निरोप आला तेव्हा मी जायची तयारी केली. बायको आली नाही. "मी त्यांना माफ केलेलं नाही," ती म्हणाली, "आणि मेल्यावर तोंडदेखलं जाऊन माफ केल्यासारखं दाखवायचं नाही मला." तिने हे शांतपणे सांगितलं. मी एकटा गेलो आणि एकटा आलो.

आता आमच्या घरी मी रांधतो. भाज्या दोनदा उकळून पाणी फेकायचं, मीठ जवळजवळ नाही, आणि दिवसभराचं पाणी एका बाटलीत मोजून ठेवायचं. त्यापलीकडे घोटभरही नाही. तिला खायची किती आवड होती! एका मोसंब्यासाठी ती आता डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारते.

परवा दुपारी मी तिच्यापुढे ताट ठेवलं. ती यंत्रावरून आलेली, थकलेली होती. चमचा हातात घेऊन जरा वेळ बसली, मग म्हणाली, "मला एकाच गोष्टीचं वाईट वाटतं. त्यांनी निदान तुम्हाला तरी सांगायला हवं होतं. तुम्ही मला त्या ताटावर बसूच दिलं नसतंत."

मी पेल्यात तिचं पाणी ओतत होतो. खुणेपर्यंत ओतलं आणि पेला तिच्यापुढे ठेवला.

"नसतं दिलं," मी म्हणालो.

तिने मान डोलावली आणि जेवायला लागली.